हवामानाचा अंदाज कुणासाठी?

२५ जून २०२० या एका दिवशी बिहारमध्ये वीज पडून ८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील तेरा एकट्या गोपालगंज जिल्ह्यातील होती. त्याच दिवशी शेजारच्या उत्तर प्रदेशात आणखी चोवीस जण दगावले. मोसमी पाऊस नुकताच गंगेच्या मैदानात पोहोचला होता, भाताच्या रोपणीचे दिवस होते आणि मरणाऱ्यांत मोठा भरणा उघड्या शेतात राबणाऱ्यांचा होता. सरकारने शोक व्यक्त केला, वारसांना प्रत्येकी चार लाख रुपये जाहीर केले आणि प्रकरण मिटले असे मानले.

वस्तुस्थिती अशी आहे की ते मिटलेले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांनुसार देशात वीज पडून २०१९ साली २,८७६, २०२० साली २,८६२, २०२१ साली २,८८० आणि २०२२ साली २,८८७ माणसे मेली. हे चार आकडे एकाखाली एक मांडून पाहावेत. त्यांत चढउतार जवळजवळ नाही. जी गोष्ट दरवर्षी इतक्या नियमाने, त्याच ऋतूत, त्याच प्रदेशांत आणि समाजाच्या त्याच थरातील माणसांच्या बाबतीत घडते, तिला 'आकस्मिक' म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होय. नैसर्गिक कारणांनी झालेल्या अपघाती मृत्यूंत २०२२ साली विजेचा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक होता. पूर, दरडी, थंडी, ऊन यांपैकी कोणत्याही एका कारणाने इतकी माणसे मेली नाहीत.

या मरणाचे समर्थन दोन प्रकारे केले जाते. जुने समर्थन दैवाचे आहे: ज्याची वेळ भरली त्याच्यावर वीज पडली. नवे समर्थन अधिक सुशिक्षित आहे. ते म्हणते, विज्ञानाने आपले काम केले आहे. उपग्रह आहेत, रडार आहेत, महासंगणक आहेत, वेळेवर इशारा दिला जातो. लोकच तो ऐकत नाहीत. पहिले समर्थन दोष मृताच्या नशिबावर ढकलते, दुसरे त्याच्या अज्ञानावर. दोन्हींमध्ये एक प्रश्न मात्र सारख्याच सफाईने टाळला जातो: आभाळ काळवंडत असताना तो माणूस त्या शेतात उभा का होता, आणि तेथून निघून जाणे त्याच्या हातात होते काय?

विज्ञान काय सांगू शकते

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी विज्ञानाची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. हवामान खात्याची टिंगल करणे हा पांढरपेशा वर्गाचा जुना विरंगुळा आहे, आणि त्यातून मूळ प्रश्नावर पांघरूणच पडते.

पंजाबपासून बंगालपर्यंत पसरलेले मैदान मार्चपासून तापू लागते. पश्चिमेकडून आणि वायव्येकडून कोरडी, तापलेली हवा वाहत येते. खालच्या थरात बंगालच्या उपसागरावरून दमट हवा आत शिरते. वर, काही किलोमीटर उंचीवर, हवा थंड असते. खाली उष्ण व ओलसर, वर कोरडी व थंड अशी ही रचना म्हणजे ताणून धरलेली कमान असते. तिला कोठे तरी धक्का मिळाला, की हवा वेगाने वर चढते आणि एखाद्या तासात आठ-दहा मैल उंचीचा नव्हे तरी त्याच्या जवळपास पोहोचणारा वादळी ढग उभा राहतो. बंगालमधील 'कालबैसाखी' अशीच जन्मते. छोटा नागपूरच्या पठारावर दुपारी ढग उठतात, आग्नेयेकडे सरकत जातात आणि दिवस मावळण्याच्या सुमारास खालच्या मैदानावर कोसळतात. तासाभरात तापमान दहा-दहा अंशांनी उतरते. वायव्येकडे, राजस्थान, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात, हवेत ओलावा कमी असल्याने ढगाचा तळ उंच राहतो. पावसाचे थेंब जमिनीवर येण्याआधीच वाटेत वाळून जातात, त्या बाष्पीभवनाने हवा थंड व जड होते, धाडकन खाली आदळते आणि धुळीची भिंत पुढे ढकलीत चहूकडे पसरते. हीच 'आंधी'. महाराष्ट्रातील वाचकाला परिचित असलेला वळीव याच कुळातला आहे.

या वादळांचा अंदाज तीन पायऱ्यांनी दिला जातो. चार-पाच दिवस आधी एवढेच सांगता येते की अमुक प्रदेशात अशी परिस्थिती निर्माण होत आहे. एक दिवस आधी जिल्ह्यांची नावे घेता येतात. पण वादळी ढगाची एक पेशी फार तर तासभर जगते आणि तिचा व्याप काही किलोमीटरांचा असतो. अंदाजाचे गणित ज्या चौकटींवर मांडले जाते, त्यांची बाजू दीर्घकाळ बारा किलोमीटर होती. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'ने ती सहा किलोमीटरांवर आणली. हे मोठे काम आहे. तरीसुद्धा अमुक गावावर अमुक वाजता वीज पडेल असे कोणताही महासंगणक आदल्या दिवशी सांगू शकत नाही, आणि जो सांगू शकतो असे भासवतो तो ज्योतिष सांगत असतो.

म्हणूनच तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची ठरते. रडार, उपग्रह आणि विजेची नोंद घेणारी संवेदक यंत्रे यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष उठलेला ढग पाहून पुढील तीन तासांपर्यंतचा इशारा देता येतो. हवामान खाते असे इशारे देते. पुण्याच्या याच संस्थेने विजेची नोंद घेणाऱ्या केंद्रांचे देशव्यापी जाळे उभारले, आणि त्याच्या आधारे मोबाइलवर जवळपासच्या विजांची सूचना देणारे 'दामिनी' ॲप तयार केले.

थोडक्यात, आजचे विज्ञान मैदानातील शेतमजुराला तीन तास देऊ शकते. वाईटात वाईट स्थितीत अर्धा तास. शेतातून निघून पक्क्या छपराखाली जाण्यास अर्धा तासही बहुधा पुरतो. तेव्हा, वेळ असूनही माणूस का मरतो, हा प्रश्न हवामानशास्त्राच्या कक्षेतून बाहेर पडून समाजव्यवस्थेच्या कक्षेत येतो.

सावलीतील तापमान आणि उन्हातील माणूस

जी गोष्ट विजेची तीच उन्हाची. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सियस असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले, तर हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते. तापमान ४५ अंशांवर गेले तर सरासरीचा विचार न करताही लाट मानली जाते, आणि ४७ अंशांपासून तीव्र लाट. हे तापमान मोजले जाते पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार-पाच फूट उंचीवर, सावलीत. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण मोजायची असते ती हवा. परंतु बिगारी कामगार त्या पेटीत उभा नसतो. तो तापलेल्या डांबरावर, वीटभट्टीच्या तोंडाशी, लोखंडी सळ्यांच्या जाळीवर उभा असतो. सरकारी आकडा ४४ असतो तेव्हा त्याच्या अंगाला लागणारी उष्णता कितीतरी अधिक असते.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. गंगेच्या मैदानात मात्र हवेतील धूलिकण व काजळी आणि विस्तृत सिंचन यांमुळे दिवसाच्या कमाल तापमानाची वाढ काही अंशी दबलेली आहे. यावरून हायसे वाटण्याचे कारण नाही. सिंचनाच्या पाण्याने हवा दमट होते, दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराला थंड होण्याचा मार्ग उरत नाही. तापमापकाचा आकडा दोन अंशांनी खाली दिसतो आणि माणूस तरीही कोसळतो.

२९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश तापमानाची नोंद झाली आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपासणी केली, संवेदक यंत्र तीन अंश जास्त दाखवीत असल्याचे आढळले आणि तसे जाहीर करण्यात आले. आपली चूक शोधून ती जाहीर करणे ही विज्ञानाची रीतच आहे, आणि त्याबद्दल खात्याला दोष देण्याचे कारण नाही. पण एका यंत्राच्या तीन अंशांवर जी शाई खर्च झाली, तिचा अल्पांशही पुढील तीन दिवसांत जे घडले त्यावर खर्च झाला नाही.

१ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या अखेरच्या फेरीचे मतदान झाले. त्या सुमारास एकट्या उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या कामावरील ३३ माणसे उष्णतेने मेली, असे त्या राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यांत होमगार्ड होते, सफाई कामगार होते. 'लोक अज्ञानी आहेत' हा युक्तिवाद येथे कोसळून पडतो. हवामान खात्याचा इशारा होता. तो राज्ययंत्रणेच्या हाती होता. आणि त्या माणसांना कामावर नेमणारी राज्ययंत्रणाच होती. त्यांपैकी कुणी उन्हाचा धोका ओळखला असता तरी नेमणुकीचा हुकूम मोडून घरी जाण्याची मुभा त्याला नव्हती.

असाच एक प्रसंग मैदानापासून दूर, पण मराठी वाचकाच्या स्मरणात असलेला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे सरकारी पुरस्काराच्या समारंभासाठी लाखो माणसे भर उन्हात बसविण्यात आली, आणि चौदा जण उष्माघाताने मरण पावले. मंचावर मांडव होता. मैदानावर नव्हता. हवामानाचा कोणताही अंदाज याहून अधिक स्पष्टपणे समाजाची रचना दाखवू शकणार नाही.

'जागृती'चा युक्तिवाद

आपत्ती निवारणाच्या निधीतून मदत मिळावी यासाठी केंद्र सरकारने आपत्तींची एक यादी केली. तीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरडी, हिमप्रपात, ढगफुटी, टोळधाडीसारखा कीडहल्ला, हिमदव व थंडीची लाट अशा बारा आपत्ती होत्या. वीज नव्हती आणि उष्णतेची लाटही नव्हती. त्या यादीत घालाव्यात ही राज्यांची मागणी जुनी आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठी नेमलेल्या पंधराव्या वित्त आयोगाने यादी वाढविण्याची गरज मानली नाही. राज्यांनी आपल्या आपत्ती निधीतील दहा टक्क्यांपर्यंतची रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरावी, एवढ्यावर भागविण्यात आले. बिहार, ओडिशा, केरळ यांसारख्या राज्यांनी विजेला राज्यापुरती आपत्ती मानले. केंद्राच्या वतीने मात्र वेळोवेळी जी भूमिका मांडली गेली तिचा आशय असा होता की विजेमुळे होणारे मृत्यू शिक्षणाने आणि जागृतीने टाळता येतात.

या वाक्याचा अर्थ उकलून पाहावा. मृत्यू टाळता येतात, हे खरेच आहे. पण टाळता येण्याजोग्या मृत्यूची जबाबदारी तो टाळण्याची साधने ज्याच्या हाती आहेत त्याच्यावर वाढते, की कमी होते? ज्या मृत्यूला इलाज नाही त्याला मदत, आणि ज्याला इलाज आहे त्याला उपदेश, असे हे उफराटे तर्कशास्त्र आहे. शेजारच्या बांगलादेशाने मे २०१६ मध्ये विजेने घेतलेल्या बळींनंतर तिला राष्ट्रीय आपत्ती मानले. तेथील सारे उपाय यशस्वी झाले असे नाही; पण प्रश्न राज्याचा आहे, एवढे तरी तेथे मान्य झाले.

आता या जागृतीच्या साधनाकडे पाहू. ते साधन म्हणजे मोबाइल. मजुराने ॲप घ्यावे, ते चालू ठेवावे, इशारा वाचावा आणि त्याप्रमाणे वागावे. चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बाईच्या हातात त्या वेळी काय असते, हे या योजनाकारांनी पाहिलेले दिसत नाही. आणि मोबाइल मजुरापर्यंत पोहोचत नाही असे तरी कसे म्हणावे? १ जानेवारी २०२३ पासून ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोनदा छायाचित्र काढून हजेरी घेण्याची सक्ती करण्यात आली. सकाळी लवकर काम उरकून उन्हाच्या आत घरी जाणे ही मैदानी मुलखातील उन्हाळ्याची जुनी रीत; दुसऱ्या छायाचित्रासाठी त्याच माणसांना कामाच्या जागी थांबावे लागू लागले. मजूर पळून गेला काय हे पाहण्यास यंत्र शेवटच्या माणसापर्यंत जाते. पळून जा, वीज येत आहे, हे सांगण्याची पाळी येते तेव्हा मात्र त्याच यंत्राची वाट अडते, आणि अज्ञान आठवते.

चुकलेल्या इशाऱ्याची किंमत कोण देतो?

येथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो.

अंदाज म्हणजे शक्यता. दहा वेळा लाल इशारा दिला तर काही वेळा वादळ बगल देऊन जाणारच. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान व उत्तर प्रदेशात आलेल्या आंधीने शंभराहून अधिक बळी घेतले. आग्रा जिल्ह्याला सर्वांत मोठा तडाखा बसला. त्यानंतर काही दिवसांतच पुन्हा वादळाचा इशारा आला आणि हरियाणा सरकारने ७ व ८ मे रोजी राज्यातील सर्व शाळा बंद ठेवल्या. भीती होती तितके मोठे वादळ तेथे आले नाही, आणि लगेच इशाऱ्याची थट्टा सुरू झाली. वास्तविक त्या सरकारचा निर्णय बरोबर होता. मुलांचे दोन दिवस बुडणे ही मुलांच्या जिवापुढे क्षुल्लक किंमत होती, आणि ती देण्याची ऐपत समाजाला होती.

परंतु हाच हिशेब रोजंदारीच्या मजुराला लावून पाहावा. इशारा आला, त्याने काम सोडले, वादळ आले नाही: त्याची दिवसाची मजुरी गेली. कदाचित उद्या मुकादम त्याला बोलावणारही नाही. इशारा आला, त्याने काम सोडले नाही, वादळ आले: त्याचा जीव गेला. दोन्ही बाजूंनी चुकते करावयाचे ते त्यानेच. मालकाच्या बाजूने पाहिले तर इशारा पाळण्यात दिवसाच्या कामाचे नुकसान आहे, आणि न पाळण्यात काहीच नाही. मेलेल्या मजुराच्या वारसांना चार लाख देतो तो सरकारी खजिना, आणि तेही शवविच्छेदनाच्या अहवालासह कागद पुरे झाल्यावर. अंदाजातील अनिश्चिततेचा सर्व भार अशा रीतीने समाजातील सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर ठेवलेला आहे.

म्हणून मजूर इशारा ऐकत नाही असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्याने आपल्या परिस्थितीत अगदी व्यवहारी हिशेब केलेला असतो. कुठे तरी वीज पडण्याची शक्यता एका पारड्यात, आणि संध्याकाळच्या चुलीची खात्री दुसऱ्या पारड्यात. त्या पारड्यांचे वजन बदलल्याशिवाय नुसत्या भित्तिपत्रकांनी त्याचा निर्णय बदलणार नाही. चौकटी सहा किलोमीटरांच्या कराव्यात की एक किलोमीटराच्या, हा शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे आणि तो ते सोडवतील. इशारा चुकला तर त्या दिवसाची मजुरी कोणी भरावी, हा प्रश्न कोणतेही रडार सोडवू शकत नाही.

या संदर्भात कायद्याचा इतिहास बोलका आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १३ व्या कलमात कामाच्या खोलीत खेळती हवा आणि सुसह्य तापमान असावे अशी तरतूद होती. ती लढून मिळाली होती, पण ती छताखालच्या कामगारापुरती होती. शेतमजूर, बांधकाम मजूर, हमाल, वीटभट्टीवरचा कामगार त्या छताबाहेरच राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितांतही, उघड्यावर राबणाऱ्याने धोक्याच्या इशाऱ्यानंतर मजुरी न गमावता काम थांबवावे असा स्पष्ट हक्क त्याला मिळालेला नाही.

याच्या शेजारी आणखी एक घटना ठेवावी. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींत कमाल तापमानाच्या दृष्टीने सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणाच्या मैदानात गव्हाचा दाणा भरण्याआधीच आक्रसला. पीक घटणार हे दिसताच १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. उन्हाचा परिणाम धान्यकोठारावर होतो तेव्हा राज्य एका रात्रीत हुकूम काढू शकते. तोच परिणाम गहू कापणाऱ्या माणसावर होतो तेव्हा त्याच राज्याला फक्त 'भरपूर पाणी प्या' एवढेच सुचते.

यंत्रे वाढली, माणसे कमी झाली

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळाने आणि त्यानंतरच्या दुष्काळांनी ब्रिटिश सत्तेला त्याची निकड भासली. जहाजे आणि जमीनमहसूल हे तिचे मुख्य हितसंबंध होते. तरीही त्या खात्यातील भारतीय शास्त्रज्ञांनी पुढे शेतकऱ्याकडे नजर वळविली. पुण्यात १९३२ साली एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू झाले, आणि १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी प्रादेशिक भाषांत हवामानवार्ता दिली जाऊ लागली. गावच्या चावडीवरील एका रेडिओभोवती बसून ऐकलेली ती वार्ता आजच्या मानाने ढोबळ होती. पण ती फुकट होती, सर्वांसाठी होती आणि ऐकणाऱ्याच्या भाषेत होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'मिशन मौसम' या योजनेसाठी दोन वर्षांकरिता दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. नवी रडार, नवे महासंगणक, नवी यंत्रे त्यातून यावयाची. त्याचे स्वागतच केले पाहिजे. मैदानाच्या मोठ्या भागावर रडारचे छत्र विरळ आहे, आणि ज्या गावावर रडारची नजर नाही त्याला तीन तासही मिळत नाहीत. परंतु त्याच वर्षाच्या आरंभी देशभरातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करण्यात आली होती. २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांत स्थापन झालेल्या या केंद्रांत बसलेली माणसे हवामान खात्याचा अंदाज घेऊन तालुक्यातील पीक, माती आणि हंगाम यांच्याशी त्याची सांगड घालीत, आणि शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सल्ला देत. या सेवेचा मोबदला वसूल करता येईल काय, असाही विचार सरकारी पातळीवर बोलून दाखविण्यात आला.

हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. यंत्रखरेदीत कंत्राटे असतात. त्यांचे उद्घाटन करता येते, त्यांच्यापुढे छायाचित्रे काढता येतात. जिल्ह्याच्या गावी बसून आठवड्यातून दोनदा सल्ला लिहिणाऱ्या कनिष्ठ शास्त्रज्ञाचे उद्घाटन करता येत नाही. पण अंदाजाचा इशारा होतो तो त्याच्याच टेबलावर. रडारपासून जिल्ह्यापर्यंतचा रस्ता सिमेंटचा, आणि जिल्ह्यापासून बांधापर्यंतचा रस्ता वाहून गेलेला, अशी ही रचना आहे.

काय मागावयाचे

अंदाज आणि संघटित कृती यांची सांगड घातली तर माणसे वाचतात, याचा पुरावा देशातच आहे. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली तेथे दक्षिण आशियातील पहिली उष्णता कृती योजना आखण्यात आली: अंदाज येताच पाणपोया, रुग्णालयांत तयारी, वस्त्यांत सूचना, अधिकाऱ्यांवर नेमून दिलेली कामे. पुढील वर्षांत मृत्यू घटल्याचे अभ्यासांत दिसून आले. केरळात श्रम खाते उन्हाळ्यात हुकूम काढून उघड्यावरच्या कामगारांना दुपारी बारा ते तीन विश्रांती देते आणि कामाचे तास सकाळ-संध्याकाळी वळवते. केरळ काही श्रीमंत देश नव्हे. तेथे जे जमते ते लखनौला आणि पाटण्याला जमू नये, याचे कोणतेही हवामानशास्त्रीय कारण नाही.

त्या अनुभवावरून मागण्या स्वच्छपणे मांडता येतात. वीज आणि उष्णतेची लाट यांना राष्ट्रीय आपत्तींचा पूर्ण दर्जा व त्यांच्या मदतीला निधीची कायम तरतूद असली पाहिजे. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा हा काम थांबविण्याचा कायदेशीर आधार मानला जावा, आणि त्या वेळेची मजुरी कापण्यास बंदी असावी. मालक लहान शेतकरी असेल तेथे ती मजुरी सार्वजनिक निधीतून भरावी, मालक ठेकेदार किंवा कंपनी असेल तेथे तिच्याकडून वसूल करावी. सार्वजनिक कामांवर भर दुपारच्या हजेरीची सक्ती नसावी. गावोगावी भोंगा, शेतांच्या पट्ट्यात वीजरोधक बसविलेले पक्के निवारे आणि ते सांभाळण्यासाठी पगारी माणूस असावा. जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी हवामान सल्ल्याची केंद्रे पुरेशा कायम नोकरवर्गासह चालावीत, आणि हवामानाची माहिती ही विकाऊ वस्तू न होता फुकट व जनतेच्या भाषेत मिळावी. उन्हाने मेलेल्यांची मोजणी प्रामाणिकपणे व्हावी, कारण जे मोजले जात नाही त्याला निधी मिळत नाही.

यांतील एकही मागणी विज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही. शास्त्रज्ञांनी तीन तास मिळवून दिले आहेत, आणि ते वाढविण्याचा त्यांचा प्रयत्न चालू आहे. त्या तीन तासांवर मालकी कुणाची, हे ठरविण्याचे काम शास्त्रज्ञांचे नाही. पश्चिमेला ढग उठलेला दिसताच हातातली रोपे बांधावर ठेवून मजूर बाई गावाकडे चालू लागेल आणि संध्याकाळी तिच्या हातात पूर्ण दिवसाची मजुरी पडेल, तेव्हा हवामानाचा अंदाज खऱ्या अर्थाने गंगेच्या मैदानात पोहोचला असे म्हणता येईल.